ओळख न विचारणारे दार

ज्ञान वाटायचे असेल तर घेणाऱ्याचे नाव, संस्था आणि मोबाइल क्रमांक आधी टिपून घेतला पाहिजे, असे भारतीय विज्ञान-प्रशासनात आज जवळपास गृहीत धरले जाते. हे गृहीतक खोटे आहे. ते खोटे ठरवणाऱ्या व्यवस्थेचा पहिला मसुदा भारतात शिकलेल्या एका अभियंत्याने लिहिला होता, हे तर अधिकच बोचरे.

आयआयटी कानपूरच्या पहिल्या तुकडीतले अभय भूषण एमआयटीत असताना त्यांनी एप्रिल १९७१ मध्ये ‘आरएफसी ११४’ हा दस्तऐवज प्रसृत केला. एका संगणकावरची फाइल दुसऱ्या संगणकावर कशी न्यावी याचे ते नियम. एफटीपी ते हेच. पुढे या नियमांवर एक साधी प्रथा रुजली. वापरकर्त्याचे नाव विचारले की ‘अ‍ॅनॉनिमस’, म्हणजे अनामिक, असे लिहायचे आणि पासवर्डच्या जागी शिष्टाचार म्हणून आपला ई-मेल पत्ता द्यायचा. एवढ्यावर ‘पब’ नावाची निर्देशिका उघडे आणि त्यातले कंपायलर, संपादक, गणिती ग्रंथालये कोणालाही विनामूल्य उतरवता येत.

त्या काळाचे गोडवे गाण्याचे कारण नाही. १९८६ मध्ये सुरू झालेल्या अर्नेटच्या आरंभीच्या वर्षांत परदेशाशी जोडणी होती ती ९६०० बिट प्रतिसेकंद वेगाची. त्या वेगाने एक मेगाबाइट उतरायला पाव तास लागतो, तोही ती वाहिनी दुसरे कोणी वापरत नसेल तर. ‘बायनरी’ ही आज्ञा द्यायला विसरले की आलेली संकुचित फाइल निरुपयोगी निघे आणि सगळा खटाटोप पहिल्यापासून करावा लागे. ज्यांच्याकडे केवळ ई-मेल होता ते पत्राने फाइल मागवत. ती तुकड्यातुकड्यांनी येई आणि हाताने जोडावी लागे. वाट खडतर होती हे खरेच, पण दाराशी उभे राहून कोणी लायकी तपासत नव्हते.

या मोकळीकीतून काय निपजले? सप्टेंबर १९९१ मध्ये हेलसिंकीच्या लिनस टॉरवाल्ड्स या एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्याची अपुरी कार्यप्रणाली फिनलंडच्या विद्यापीठीय जालाच्या सार्वजनिक सर्व्हरवर ठेवली गेली. त्याने योजलेले नाव ‘फ्रीक्स’ होते. सर्व्हर सांभाळणाऱ्या आरी लेम्के यांना ते रुचले नाही आणि त्यांनी निर्देशिकेला ‘लिनक्स’ म्हटले. आज जगातील पाचशे सर्वांत वेगवान महासंगणक त्याच प्रणालीवर चालतात. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये पॉल गिन्सपार्ग यांनी लॉस अलामोस येथे भौतिकीच्या पूर्वप्रकाशनांचे भांडार सुरू केले. तेच आजचे ‘अर्काइव्ह’. दोन्ही ठिकाणी डिस्कचा आणि विजेचा खर्च सार्वजनिक पैशातून झाला होता. बाजाराने यांतले काहीही मागितलेले नव्हते.

आक्षेप ठरलेला आहे: एफटीपी असुरक्षित होते, पासवर्ड उघडे जात, फाइली टाकण्याच्या मोकळ्या निर्देशिकांत चोरीच्या सॉफ्टवेअरचा कचरा साचे. हे सारे सत्य आहे. म्हणूनच डेबियनने २०१७ मध्ये आपली सार्वजनिक एफटीपी सेवा बंद केली आणि २०२१ मध्ये क्रोम व फायरफॉक्सनेही ती वगळली. परंतु डेबियनच्या फाइली कोणत्याही खात्याविना आजही मिळतात, एचटीटीपीवरून आणि सही केलेल्या पडताळणीसह. वाहन बदलले तरी दार उघडेच राहिले. सुरक्षेच्या नावाखाली दारच लावून घेणे हा आळस आहे. त्याला तंत्रज्ञानाचा नाइलाज म्हणता येत नाही.

आता भारताकडे पाहावे. चंद्रयान-२ ची विदा इस्रोने ‘प्रदान’ या संकेतस्थळावर विनामूल्य उपलब्ध केली, हे अभिनंदनीयच. पण ती उतरवण्यापूर्वी नोंदणी आणि लॉगिन लागते. नासाच्या ग्रहविज्ञान भांडारातून चंद्राच्या फाइली खात्याशिवाय मिळतात. ‘एक राष्ट्र, एक सदस्यता’ योजनेला नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजुरी मिळाली: तीन वर्षांसाठी ६००० कोटी रुपये, तीस प्रकाशक, सुमारे १३ हजार नियतकालिके. मात्र दार उघडते ते संस्थेच्या ओळखीने, आणि पहिल्या टप्प्यात ही ओळख सरकारी संस्थांपुरतीच. खासगी महाविद्यालयातली विद्यार्थिनी, निवृत्त शिक्षक, संस्थेविना काम करणारा अभ्यासक बाहेरच राहतात. शिवाय मुदत संपली की पुन्हा पैसे मोजायचे, कारण हा वाचनाचा भाडेकरार आहे. फाइली आपल्या भांडारात येत नाहीत.

याच रकमेचा अल्पसा अंश सार्वजनिक भांडारांना का मिळू नये? चेन्नईच्या गणितीय विज्ञान संस्थेने ‘अर्काइव्ह’ची भारतीय प्रतिकृती दीर्घकाळ चालवली. सॉफ्टवेअरच्या प्रतिकृतीही काही संस्था सांभाळतात, बहुधा एखाद्या प्रशासकाच्या वैयक्तिक आस्थेवर. त्याची बदली झाली की प्रतिकृती शिळी होते. यासाठी कायम पद, स्वतंत्र निधी आणि एक लेखी नियम हवा: सार्वजनिक पैशातून निर्माण झालेली विदा आणि सॉफ्टवेअर लॉगिनशिवाय उतरवता आले पाहिजे, आणि ज्या विभागाला ते मान्य नसेल त्याने प्रत्येक फाइलमागे कारण लिहून द्यावे.