रोवणीचे साठ दिवस आणि वर्षभराची रोजी

पवनी तालुक्यात धानाची रोवणी लागली की काही आठवडे मजूर बाईला मागणी येते. एरवी कामासाठी शेतमालकाच्या दारात जाणारी बाई या दिवसांत आधी दर विचारते आणि पलीकडच्या बांधीत काय भाव चालू आहे तेही सांगते. बाजार मजुराच्या बाजूने झुकतो असा काळ वर्षात फार थोडा असतो. डिसेंबर 2025 मध्ये संसदेने मनरेगाच्या जागी नवा कायदा आणला, 'विकसित भारत - रोजगार आणि आजीविका हमी मिशन (ग्रामीण)'. नेमक्या याच काळात, म्हणजे पेरणी-कापणीच्या ऐन हंगामात, एकूण 60 दिवस सरकारी काम बंद ठेवण्याची तरतूद त्यात आहे. 100 ऐवजी 125 दिवसांची हमी मिळाली म्हणून आपल्यातलेही काही जण खूश आहेत. आम्ही मात्र या साठ दिवसांबद्दलच बोलणार आहोत.

अर्थव्यवस्थेत तेजी आली की मजुरी वाढते आणि मंदी आली की घटते, असे ढोबळपणे सांगितले जाते. गावात ते तसे घडत नाही. अर्थतज्ज्ञ सुप्रीत कौर यांनी 1956 ते 2009 या काळातला, सुमारे सहाशे जिल्ह्यांचा पाऊस आणि शेतमजुरी यांचा अभ्यास केला. पाऊस चांगला झाला, काम वाढले की रोजी वाढते. पुढच्या वर्षी पीक साधारण आले किंवा दुष्काळ पडला तरी ती वाढलेली रोजी खाली येत नाही. कमी होतात ते कामाचे दिवस. मालक दर पाडत नाही, माणसे कमी बोलावतो. आणि दर तोच राहून तेल-डाळ महाग झाली की रोजी आपोआप घटते. त्यासाठी कोणाला भांडावे लागत नाही.

म्हणजे मंदीचा मार दिवसांवर आणि महागाईतून पडतो, तर चांगल्या हंगामात मिळवलेला दर टिकतो. म्हणून रोवणीतली घासाघीस त्या चार आठवड्यांपुरती नसते. समजा, रोजी 250 वरून 300 झाली. वर्षात 120 दिवस काम मिळणाऱ्या बाईच्या हातात 6,000 रुपये जास्त येतात आणि पुढच्या वर्षीची बोलणी 300 पासून सुरू होतात. ती वाढ हंगामातच अडवली, तर नुकसान साठ दिवसांवर थांबत नाही.

यावर एक आक्षेप हमखास येतो. रोवणीच्या दिवसांत रोहयोवर जाते कोण? कामे निघत नाहीत, निघाली तर पैसे महिनोन्महिने अडकतात. खरे आहे. पण दर ठरवताना प्रत्यक्ष काम जितके मोजले जाते, तितकीच कामाची शक्यताही मोजली जाते. "नाही परवडत, आम्ही रोहयोवर जातो" हे वाक्य बोलता येणे हीच मजुराची ताकद. महाराष्ट्रात मनरेगाचा दर 2019-20 मध्ये 206 रुपये होता, 2025-26 मध्ये तो 312 झाला. हा आकडा मोठा नाही. तरी त्याखाली बोलणी गेली की बाईला बोट दाखवायला काहीतरी होते. नव्या कायद्याने ते बोट हंगामापुरते खाली केले आहे.

ही कल्पना एकाच पक्षाची आहे असे समजू नये. 2011 मध्ये तेव्हाचे केंद्रीय कृषिमंत्री शरद पवार यांनीही शेतीच्या हंगामात मनरेगाची कामे थांबवावीत अशी सूचना केली होती. मजूर मिळत नाहीत ही तक्रार जुनी आहे. तिचा अर्थ बहुतेक वेळा इतकाच असतो की ठरलेल्या दरात मिळत नाहीत.

भंडारा जिल्ह्याला या गोष्टी नव्या नाहीत. 1972 च्या दुष्काळातून महाराष्ट्राची रोजगार हमी उभी राहिली, 1979 पासून ती कायद्याने लागू झाली. फेब्रुवारी 2006 मध्ये केंद्राची योजना पहिल्या 200 जिल्ह्यांत आली, त्यात भंडारा होता. 2020 च्या टाळेबंदीत शहरांतून परतलेल्यांना गावात याच कामाचा आधार होता. त्या एका वर्षात देशभर 389 कोटी मनुष्यदिवसांचे काम झाले. मंदीत दिवस घटतात, ते भरून काढणारी हीच एक व्यवस्था होती. आता बहुतेक राज्यांना खर्चाचा 40 टक्के वाटा उचलायचा आहे. मंदीत राज्याची तिजोरीही आटते, तेव्हा हे 125 दिवस कागदावरून खाली किती उतरतील, याची आम्हाला शंका आहे.

आपल्याच तालुक्यातले दुसरे उदाहरण गोसीखुर्दचे. 1988 मध्ये पायाभरणी झाली तेव्हा धरणाचा खर्च 372 कोटी धरला होता, पुढे तो अठरा हजार कोटींवर गेला. एवढा पैसा एका परिसरात ओतला गेला तर मजुरीला तेजी यायला हवी. पण मोठी मातीकामे यंत्रे करतात आणि ज्यांची शेती बुडाली ते स्वतः मजुरांच्या रांगेत येतात. हात वाढले की दर दबतो. तेजी कोणाच्या हिशेबात आली, हे विचारल्याशिवाय तिचे कौतुक करण्यात अर्थ नाही.

बाबासाहेबांनी हे ओळखले होते. व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते सांभाळताना एप्रिल 1946 मध्ये त्यांनी किमान वेतनाचे विधेयक मांडले. 1948 मध्ये कायदा झाला आणि शेतमजुरी त्याच्या कक्षेत आली. बाजाराच्या चढउतारावर सोडायची नाही अशी एक रेघ असली पाहिजे, हा त्यामागचा विचार. त्या रेघेचे आपण काय केले? राष्ट्रीय किमान वेतनपातळी 2017 मध्ये रोज 176 रुपये होती, 2019 मध्ये ती 178 केली. दोन वर्षांत दोन रुपये.

आपल्या समाजातली अनेक घरे दोन्हीकडे आहेत, हे सोपे नाही. दीड-दोन एकर धान असलेला बौद्ध शेतकरी स्वतः रोवणीला बाया लावतो आणि त्याची बायको दुसऱ्याच्या बांधीत जाते. 2025-26 साठी साधारण धानाचा हमीभाव 2,300 वरून 2,369 झाला, म्हणजे क्विंटलमागे 69 रुपये. एवढ्यात तो रोजी कुठून वाढवणार? त्याचे भांडण धानाच्या भावाशी आहे, बाईच्या दराशी नाही. दोघांना समोरासमोर उभे केले की भाव ठरवणारे सुटतात.

ओडिशातल्या गावांमध्ये झालेल्या एका अभ्यासाकडे आम्ही कार्यकर्त्यांचे लक्ष वेधू इच्छितो. तिथे मजुरांना चालू दरापेक्षा कमी पैशात काम देऊ केले. कोणाला कळणार नसेल तेव्हा बरेच जण तयार झाले. शेजाऱ्यांसमोर विचारले तेव्हा जवळजवळ सगळ्यांनी नकार दिला. संघटना नाही, फलक नाही, तरी गावाचा दर गावच राखतो. पवनीत ठेक्याने रोवणी घेणाऱ्या बायांच्या टोळ्याही हेच करतात. फक्त प्रत्येक टोळी आपापले बोलते.

साठ दिवस कोणते, हे राज्याने आधी जाहीर करायचे आहे. म्हणून मे महिन्याच्या ग्रामसभेत तीन गोष्टी मांडता येतील: रोवणीचे आठवडे बंदीतून वगळावेत असा ठराव, कामाची लेखी मागणी आणि तिची तारखेसह पोच, आणि गावातल्या टोळ्यांनी पऱ्हे टाकण्याआधी एकत्र बसून ठरवलेला दर. पहिल्यासाठी तहसील आणि जिल्हा परिषदेत खेटे घालावे लागतील. तिसऱ्यासाठी कोणाची परवानगी लागत नाही.