पुळण म्हणजे रस्ता नव्हे

गेल्या काही वर्षांत आमच्या दापोली तालुक्यातल्या किनाऱ्यांवर एक नवा पाहुणा दिसू लागला आहे. पूर्वी ट्रॅव्हलर भरून पंधरा-सतरा माणसं यायची. आता तीच ट्रॅव्हलर आतून पलंग, ओटा, पाण्याची टाकी आणि टपावर सोलरचं पॅनेल लावून येते, आणि तिच्यात चारच माणसं असतात. कॅम्पर व्हॅन म्हणतात तिला. कुणी जुन्या ओम्नीची किंवा ईकोची अशी गाडी करून घेतो. ही कल्पना मला आवडते. हॉटेलचं भाडं परवडत नाही म्हणून कुणी समुद्र बघायचाच राहू नये. चुलीवर चहा ठेवून रात्रभर गाज ऐकत पडावं, यात वाईट काय आहे?

वाईट आहे तो पुढचा हट्ट. गाडी सुरूच्या बनाशेजारी, घट्ट जमिनीवर उभी करून चालणार नाही म्हणे. दार उघडलं की पायाखाली वाळूच हवी, फोटोत चाकांजवळ फेस दिसायला हवा. मग गाडी उतारावरून खाली पुळणीत घालतात आणि अर्ध्या तासात गावात निरोप येतो, "ट्रॅक्टर आहे का हो कुणाचा?"

यावर नेहमी एक उत्तर ऐकू येतं. गाडी फोर बाय फोर नव्हती ना, मग अडकणारच. मला हे पटत नाही. राल्फ बॅग्नोल्ड नावाचा एक इंग्रज लष्करी अधिकारी १९२० च्या दशकाच्या शेवटी साध्या फोर्ड गाड्या घेऊन इजिप्त-लिबियाच्या वाळवंटात शिरला होता. त्या गाड्यांची फक्त मागची दोन चाकं जोर लावायची. तरी तो वाळूचे डोंगर ओलांडून गेला. त्याच्याकडे दोन युक्त्या होत्या. टायरमधली हवा कमी करायची, आणि चाक रुतलं की त्याच्या पुढे लोखंडी पन्हाळीसारखे पत्रे टाकायचे. पुढे दुसऱ्या महायुद्धात त्याने वाळवंटात फिरणारं जे पथक उभं केलं, त्याचे शेवरोले ट्रकही बहुतेक टू व्हील ड्राइव्हच होते. वाळू कशी वाहते, कशी साचते यावर त्याने १९४१ मध्ये लिहिलेलं पुस्तक आजही अभ्यासक वापरतात. तेव्हा दोन चाकांच्या जोरावर वाळूत जाताच येत नाही, हे काही खरं नाही.

जाता येतं, पण त्याचं एक शास्त्र आहे आणि ते आपल्याकडे येणाऱ्यांपैकी फार थोड्यांना ठाऊक असतं. हवा कमी केली की टायर चपटा होतो, त्याचा जमिनीला टेकलेला भाग लांबतो आणि वजन जास्त वाळूवर पसरतं. हलक्या गाडीत पस्तीसच्या ठिकाणी अठरा-वीसवर हवा आणतात. मात्र एवढ्या कमी हवेवर वेगाने वळलं तर टायर रिममधून निसटतो, आणि डांबरावर परतल्यावर हवा भरली नाही तर तापून फाटतो. म्हणजे पंप जवळ हवाच. तो असतो कुणाकडे? वाळूत ब्रेक मारायचा नसतो, गाडी आपोआप थांबू द्यायची असते, कारण ब्रेक मारला की चाकापुढे वाळूचा बांध तयार होतो. आणि चाक गरगरायला लागलं की ॲक्सिलरेटरवरून पाय काढायचा असतो. नेमकं इथेच सगळे उलटं करतात. गाडी हलत नाही म्हणून जोर देतात, चाक खड्डा खणत जातं आणि गाडी पोटावर बसते. साध्या डिफरन्शियलची गंमत अशी की एक चाक मोकळं फिरू लागलं की दुसऱ्यालाही ताकद मिळत नाही. एक चाक फसलं म्हणजे दोन्ही फसली. त्यात कॅम्पर म्हणजे पलंग, गॅस, बॅटऱ्या, शंभर लिटर पाणी असा सगळा संसार. तो सगळा भार त्याच चार टायरांवर.

आता हे सगळं शास्त्र पाठ आहे असं धरू. तरी बॅग्नोल्डच्या वाळवंटात आणि आमच्या पुळणीत एक मोठा फरक उरतो. त्याच्या वाळवंटाला भरती येत नव्हती.

ओहोटीला उघडी पडलेली ओली वाळू डांबरासारखी घट्ट लागते. कणांमध्ये थोडं पाणी असलं की ते कणांना धरून ठेवतं. कर्द्याचा किंवा दिवेआगरचा सपाट किनारा बघून नवख्याला वाटतं, ही तर धावपट्टीच. पण अडचण त्या घट्ट पट्ट्यात नसतेच. वर सुकी, भुसभुशीत वाळू असते, ती उतरताना सोपी आणि चढताना नकोशी. आणि खाली जिथे पाऊल टाकताच पाणी वर येतं, तिथली वाळू भार पडल्यावर पातळ होते. मधल्या पट्ट्यावर गाडी लावून लोक जेवायला बसतात. सहा तासांनी तो पट्टाच नसतो. लाट आली-गेली की चाकाभोवतीची वाळू खणून नेते आणि उभी गाडी, कुणी हात न लावता, खाली बसत जाते.

भरतीची वेळ काढायला कुठलं ॲप लागत नाही. तिथीला तीनने गुणा, चाराने भागा. पंचमी असेल तर पंधरा भागिले चार, म्हणजे पावणेचारला पूर्ण भरती. पौर्णिमेला सव्वाअकरा. अगदी मिनिटाचा हिशेब नाही हा, पण गाडी वाचवायला पुरतो. आमच्या मोहल्ल्यातली जुनी दालदी मंडळी हाच हिशेब चांदाच्या तारखेवरून करतात. ती तारीख तिथीपेक्षा एखाद-दोन दिवस मागे असते, तेवढे मिळवले की झालं. बाणकोटपासून खालच्या मासेमारांत कोळी, भंडारी, खारवी, दालदी सगळे आहेत. पंचांग वेगळं असलं तरी चंद्र एकच असल्याने उत्तर तेच येतं.

२०२५ ची होळी रमजानात आली होती. म्हणजे पौर्णिमा, उधाण. संध्याकाळी पाचच्या सुमाराला समुद्र खूप आत गेलेला, पुळण एरवीपेक्षा रुंद. शहरातून आलेली एक व्हॅन खाली उतरली आणि सहाला फसली. गाव सगळं होमाच्या तयारीत. ट्रॅक्टर मिळाला तो मोहल्ल्यातल्या एका पोराचा. इफ्तारला पाऊण तास होता. तो खिशात चार खजूर टाकून निघाला. होमाकडे निघालेली पाच-सहा पोरंही फावडी घेऊन आली. चाकांपुढची वाळू उपसली, नारळाच्या झावळ्या आणि फळ्या टाकल्या, दोर बंपरला नव्हे तर हुकाला बांधला. अजान झाली तेव्हा तो ट्रॅक्टरवरच होता, दोर ताणलेला. खजूर तिथेच खाल्ला. साडेसातला गाडी वर आली. तोवर पाणी चाकांच्या खुणांपर्यंत पोचलं होतं. त्याने दोन हजार मागितले. त्यातले हजार फावडेवाल्यांना दिले.

तिसऱ्या दिवशी मोबाइलवर व्हिडिओ फिरला की कोकणात पर्यटकांना लुटतात. वाळू उपसणारी पोरं व्हिडिओत नव्हती. ट्रॅक्टरवाल्याचं नाव मात्र दोनदा घेतलं होतं, थोडं लांबवून. खालच्या प्रतिक्रिया काय असतील ते मी सांगायला नको.

मला त्या दोन हजारांचा हिशेब मांडायचा आहे. डिझेल जातं. ट्रॅक्टर खाऱ्या पाण्यात गेला की ब्रेक, बेअरिंग, वायरिंग सगळं धुवावं लागतं, नाहीतर महिन्यात गंज. ताणलेला दोर तुटला तर समोरच्याचं डोकं फोडतो. शहरात रस्त्यात बंद पडलेली गाडी उचलून न्यायला यापेक्षा जास्त पैसे लागतात आणि त्याला कुणी लूट म्हणत नाही, कारण तिथे पावती असते. इथे पावती नाही, हीच काय ती अडचण. ग्रामपंचायतीने दर ठरवून पाटीवर लिहावा, हे माझं पहिलं म्हणणं. भाव उघड असला की नावावरून भाव ठरवणाऱ्यांची पंचाईत होते.

दुसरं म्हणणं पुळणीबद्दल. वाळू रिकामी दिसते, पण रिकामी नसते. साधारण नोव्हेंबर ते मार्च या काळात ऑलिव्ह रिडले कासविणी रात्री वर येतात, हात-दीड हात खोल खड्ड्यात शंभर-सव्वाशे अंडी घालून परत जातात. मंडणगड तालुक्यातल्या वेळासला २००२ पासून सह्याद्री निसर्ग मित्र आणि गावकरी ही घरटी सांभाळत आले, पुढे आंजर्ल्यासारखी गावंही त्यात आली. पिल्लू तळहातात मावेल एवढं असतं. त्याला टायरचा चर म्हणजे खंदक. त्यात पडलं की चरातूनच चालत राहतं आणि उजाडल्यावर कावळ्यांना सापडतं. वरच्या अंगाला जी जांभळ्या फुलांची वेल पसरते, तिला आपल्याकडे मर्यादवेल म्हणतात. समुद्राने इथपर्यंतच यायचं, अशी तिची मर्यादा. ती वाळू धरून ठेवते. दोनचार गाड्या तिच्यावरून गेल्या की ती मरते आणि वाळू उडायला लागते. केळशीला याकूबबाबांचा दर्गा ज्या गावात आहे, तिथे वाळूची प्रसिद्ध टेकडी आहे. डेक्कन कॉलेजच्या अभ्यासकांनी तिच्या थरांतून जुना इतिहास शोधला.

मग सरसकट बंदी करावी का? गोव्यात किनाऱ्यावर गाडी चालवायला बंदी आहे. उलट केरळात कन्नूरजवळच्या मुझप्पिलंगाडला गाडी चालवायलाच लोक जातात, कारण तिथली वाळू घट्ट आहे. आमच्याकडे सरसकट बंदी आली तर पहिला दंड बसेल तो मासळी न्यायला आलेल्या टेम्पोला, ही मला धास्ती आहे. हर्णैला होड्यांतली मासळी बैलगाड्या पाण्यात घालून आणायचे, लिलाव किनाऱ्यावरच. वाळूत चाक नेणं ही तिथे रोजीरोटी आहे, हौस नाही. मासेमार सोसायटीच्या गाड्यांना ठरलेल्या वाटेने परवानगी, बाकीच्यांना उताराच्या तोंडाशी साखळी, आणि कुलपाची चावी सोसायटीकडे. एवढं पुरे. साखळीच्या अलीकडे, सुरूच्या सावलीत, मुरूम घातलेली जागा, नळ आणि संडास द्या. रात्रीचे दोनशे रुपये घ्या. कॅम्परवाले आनंदाने देतील, त्यांना तेच हवं असतं.

आणि साखळीशेजारी एक काळा फळा, त्यावर रोजची भरती-ओहोटीची वेळ. फळा कोण लिहिणार असा प्रश्न मी हे बोलून दाखवल्यावर एकाने विचारला. आमच्या शाळेतली सातवीची पोरं तिथीचं ते गणित तोंडी करतात. खडू तेवढा पुरवावा लागेल.