भर समुद्रात, दुधावाचून

क्रूझवर सुट्टी घालवायला निघालेला माणूस काटेकोर वीगन असेल, तर त्याच्याविषयी आपल्या सुशिक्षित वर्तुळात साधारणतः दोन प्रतिक्रिया उमटतात. पहिली, 'भरल्या पोटाचे चोचले.' दुसरी, 'इतके सोवळे पाळायचे होते तर बोटीवर चढायचेच कशाला?' या दोन्ही प्रतिक्रिया आम्हांला आळशी वाटतात. दुसरीत थोडे तथ्य आहे, त्याकडे पुढे येऊच. पण तिच्यातला 'सोवळे' हा शब्द मात्र साफ चुकीच्या जागी पडलेला आहे, आणि हा लेख लिहिण्याचे मुख्य निमित्त तोच शब्द आहे. आम्ही मराठी शिकवतो. शब्द चुकीच्या जागी पडला की आम्हांला स्वस्थ बसवत नाही.

आधी व्यवहाराचे बोलू. बोट हे बंद स्वयंपाकघर असते. जमिनीवर एका उपाहारगृहात जमले नाही तर माणूस उठून पलीकडे जातो, निदान केळी आणि शेंगदाणे विकत घेतो. बोटीवर मात्र बंदरात जे चढवले गेले त्यावरच पुढच्या बंदरापर्यंत निभवायचे असते. वर्षातून काही आठवडे तेथे जेवणाऱ्या माणसाला बुफे म्हणजे सुबत्ता वाटते; वीगन माणसाला तो रहस्यकथेसारखा वाचावा लागतो. भात पांढराशुभ्र दिसतो, पण लोण्यात परतलेला असतो. भाज्यांच्या सूपाचा आधार मांसाचे उकळलेले पाणी असू शकते. पावाला वरून लोण्याचा हात फिरवलेला असतो. गोड पदार्थ थरथरतो तो बहुधा जिलेटिनमुळे, आणि जिलेटिन जनावरांच्या हाडाकातड्यांतून येते. द्राक्षाच्या काही दारूदेखील माशाच्या फुग्यापासून केलेल्या पदार्थाने किंवा अंड्याच्या पांढऱ्याने निवळलेल्या असतात. म्हणून अनुभवी वीगन प्रवासी आरक्षणाच्या वेळीच आहाराची नोंद करतो, पहिल्याच संध्याकाळी मुख्य वाढप्याला गाठतो, आणि दुसऱ्या दिवशीच्या जेवणाचे पत्रक आदल्या रात्री मागवून कोणता पदार्थ कसा बदलून हवा ते ठरवून टाकतो. अलीकडे परिस्थिती बदलते आहे. ओशॅनियासारख्या कंपनीने २०१७ साली स्वतंत्र वनस्पतिजन्य पदार्थांची पत्रकेच आणली. पण सगळ्या बोटी तेवढ्या महाग नसतात आणि सगळे प्रवासी तेवढे श्रीमंत नसतात.

आमच्या एका सहकारी प्राध्यापिकेचा अनुभव येथे सांगण्याजोगा आहे. भूमध्य समुद्रातील सात रात्रींचा प्रवास. आरक्षण करून देणाऱ्या कंपनीच्या माणसाने अर्जात 'जैन' या रकान्यावर खूण करायला लावली, कारण त्याच्या मते "तेच ते, मॅडम, उलट जास्त कडक." परिणाम असा झाला, की बाईंच्या ताटातून कांदा, बटाटा, लसूण, गाजर हे सगळे त्यांचे हक्काचे पदार्थ नाहीसे झाले आणि त्या जागी पनीर व लोण्यातली डाळ आली. दोन दिवस त्या फळांवर राहिल्या. जमिनीखाली वाढणाऱ्या कंदमुळांतील सूक्ष्म जीवांचा विचार करणारी एक अहिंसा आणि गोठ्यातल्या जनावराचा विचार करणारी दुसरी अहिंसा, या दोन्ही आपापल्या जागी सुसंगत आहेत; पण त्या अर्जातल्या एका चौकोनात मावत नाहीत. 'जास्त कडक' हे माप येथे निरुपयोगी आहे. कडकपणा कोणत्या दिशेने, हे विचारावे लागते.

मराठीत या आहाराला शब्द नाही, ही अडचणही किरकोळ नव्हे. 'शाकाहारी' म्हणावे तर दूध, दही, तूप त्यात गृहीतच धरलेले. 'शुद्ध शाकाहारी' हा शब्द उपाहारगृहांच्या पाट्यांनी केव्हाच बळकावला, आणि त्या पाटीखाली लोण्यात न्हालेली पावभाजी मिळते. 'निर्दुग्धाहारी' म्हटले की माणूस आजारी वाटतो. वर्गात आम्ही 'वीगन' हाच शब्द वापरतो आणि त्यात काही वावगे मानत नाही. इंग्रजीतही तो जुना नाही. डॉनल्ड वॉटसन आणि त्यांच्या सोबत्यांनी तो १९४४ साली घडवला, कारण 'व्हेजिटेरियन' या शब्दात त्यांनाही दूध आणि अंडी अडकलेली दिसत होती. म्हणजे जो पेच आज आपल्या भाषेसमोर आहे तोच तेव्हा त्यांच्या भाषेसमोर होता.

पण शब्द नसतानाही माणसे तसे जगली आहेत, आणि तेही बोटीवर. या विषयाचा विचार करताना आम्हांला वारंवार गांधींच्या आत्मकथेकडे जावे लागते. ४ सप्टेंबर १८८८ रोजी मुंबईहून 'क्लाईड' बोटीने निघालेला अठरा वर्षांचा मोहनदास आईजवळ मांस, मद्य आणि परस्त्री यांपासून दूर राहण्याची प्रतिज्ञा करून आला होता. काटे-चमचे धरता येत नव्हते, आणि कोणत्या पदार्थात मांस नाही हे विचारण्याचे धैर्य नव्हते. म्हणून तो खोलीतच जेवत असे, मुख्यतः बरोबर नेलेली मिठाई आणि फळे. एका इंग्रज सहप्रवाशाने त्याला कळवळून सांगितले, की येथवर ठीक, पण बिस्केच्या उपसागरात पोचल्यावर मांसावाचून निभणार नाही. तो उपसागर पार झाला, आणि निभले. त्यानंतरची नोंद आम्हांला फार मोलाची वाटते. मांस खाल्ले नाही असे प्रमाणपत्र त्या मुलाने मागून घेतले, काही काळ जपून ठेवले, आणि पुढे मांस खाणाऱ्यालाही असे प्रमाणपत्र मिळू शकते हे दिसल्यावर त्याचे त्याला काही वाटेनासे झाले. आजच्या वीगन चिन्हांच्या आणि शिक्क्यांच्या काळात हा प्रसंग प्रत्येक वर्गात वाचला जावा.

त्याच पुस्तकात लंडनमधील आहारप्रयोगांचे प्रकरण आहे. तेथे इंग्रज शाकाहाऱ्यांमध्ये मांसाच्या तीन व्याख्या प्रचलित असल्याचे गांधी सांगतात: एकीत फक्त पशुपक्ष्यांचे मांस, दुसरीत मासेही, तिसरीत अंडी-दूधसुद्धा. पहिली स्वीकारली असती तर मासेही चालले असते. त्यांनी निवड केली ती अशी: प्रतिज्ञा ज्या आईने घेववली, तिला 'मांस' या शब्दाचा जो अर्थ अभिप्रेत होता तोच आपल्यावर बंधनकारक. त्यामुळे अंडी सुटली, आणि मग पुडिंग आणि केक यांत अंडे आहे का हे शाकाहारी उपाहारगृहांतही विचारत बसणे आले. साहित्याच्या विद्यार्थ्याने हे प्रकरण अर्थनिर्णयनाचा धडा म्हणून वाचावे असे आम्ही सांगतो. संहितेचा अर्थ लिहिणाऱ्याच्या मनातला, वाचणाऱ्याच्या सोयीचा, की शब्दकोशातला, या आपल्या जुन्या वादाला येथे पोटाची भूक जोडलेली आहे. 

दूध त्यांनी सोडले ते १९१२ साली, टॉल्स्टॉय फार्मवर, कालेनबाख यांच्या बरोबरीने. आणि १८ जुलै १९१४ रोजी केपटाऊनहून इंग्लंडकडे निघालेल्या बोटीवर गांधी, कस्तुरबा आणि कालेनबाख तिसऱ्या वर्गाने प्रवास करत होते. फळे आणि सुकामेवा हाच आहार असल्याने बोटीच्या अधिकाऱ्यांनी त्यांची खास व्यवस्था केली होती. तिसऱ्या वर्गाला एरवी फळे फारशी मिळत नसत. म्हणजे 'वीगन' हा शब्द जन्मायच्या तीस वर्षे आधी, सर्वांत स्वस्त वर्गात, आगाऊ सांगून हे जमवले गेले होते. (याच प्रवासात कालेनबाख यांची महागडी दुर्बीण दोघांच्या संमतीने समुद्रात फेकली गेली. आजच्या क्रूझवर कोणी आपला कॅमेरा असा फेकील, याची आम्ही अपेक्षा करत नाही.)

पुढचे सर्वांना ठाऊक आहे. १९१९ च्या आरंभी आजारात कस्तुरबांनी सुचवले, की व्रत घेताना गाय-म्हैस मनात होती, मग शेळीच्या दुधाला हरकत काय? गांधींनी ते घेतले, आणि आपण प्रतिज्ञेचे अक्षर पाळले पण तिचा आत्मा मारला असे स्वतःच लिहून ठेवले. काटेकोर हा शब्द आम्ही या अर्थाने वापरतो. काटेकोर माणूस म्हणजे कधीच न ढळणारा माणूस नव्हे. आपण नेमके कोठे ढळलो याचा हिशेब ज्याला ठेवता येतो तो. क्रूझवर नकळत लोण्याचा भात खाल्ला गेला म्हणून वीगन माणूस 'बाटत' नाही. पुढच्या वेळी त्याने विचारायचे, इतकेच.

आणि म्हणूनच 'सोवळे' हा शब्द येथे बसत नाही. सोवळ्यात प्रश्न खाणाऱ्याच्या शुद्धीचा असतो: कोणी शिवले, कोणी शिजवले, कोणाच्या पंक्तीत बसलो. समुद्रगमनावरचा आपला जुना आक्षेपही बव्हंशी हाच होता. १८८३ साली अमेरिकेला जाण्यापूर्वी आनंदीबाई जोशी यांनी श्रीरामपूरच्या महाविद्यालयात भाषण केले, त्यात पोशाख आणि आहार न बदलण्याचा त्यांचा निर्धार होता. आम्हांला त्या निर्धाराविषयी आदर आहे, पण त्याचा रोख स्वत्व टिकवण्याकडे आणि मागे राहिलेल्या समाजाला उत्तर देण्याकडे होता. वीगन आहारात खाणारा केंद्रस्थानी नसतोच. प्रश्न गायीचा, तिच्यापासून तोडलेल्या वासराचा, कोंबडीचा असतो. पदार्थ कोणी शिजवला याच्याशी त्याला कर्तव्य नाही. किंबहुना आपल्या परंपरेत जे परमशुद्ध, ते तूप, पंचामृत आणि नैवेद्याचे दूध, त्यालाच हा आहार नकार देतो. उपवासाच्या दिवशी दूध पिणाऱ्या आणि 'आम्ही वशाट खात नाही' असे अभिमानाने सांगणाऱ्या घरांना वीगन नातेवाईक जास्त अडचणीचा वाटतो, तो यामुळेच.

तथापि एक सावधगिरी हवी. दूध नाकारणे आणि दूध न मिळणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. भाकरी, ठेचा, आमटी, हुलग्याचे माडगे, शेंगदाण्याच्या कुटातली भाजी हे सगळे नकाशावर 'वीगन' म्हणून दाखवता येते; पण ज्यांनी ते खाल्ले त्यांनी बहुधा निवड म्हणून खाल्ले नाही. शाहू पाटोळे यांनी मराठवाड्यातील दलित खाद्यसंस्कृतीवरील आपल्या २०१५ च्या पुस्तकाचे नाव 'अन्न हे अपूर्णब्रह्म' असे ठेवले, त्यात या सगळ्या सात्त्विकतेच्या उतरंडीला उत्तर आहे. ज्याच्या ताटाकडे पाहून शतकानुशतके नाक मुरडले गेले, त्याला कोणी वीगन माणूस उपदेश करू लागला तर त्याने तो ऐकून घेऊ नये. वीगन आहाराची बाजू आम्हांला पटते ती स्वतःच्या ताटापुरता नियम म्हणून. दुसऱ्याच्या ताटाची प्रतवारी लावण्याचे नवे साधन म्हणून ती पटत नाही.

आता तो दुसरा आक्षेप: बोटीवर जायचेच कशाला? यात तथ्य आहे, असे आम्ही म्हटले. मोठी क्रूझ म्हणजे तरंगते शहर. ते इंधन जाळते, धूर सोडते, सांडपाणी निर्माण करते. जहाजांच्या इंधनातील गंधकाची जागतिक मर्यादा साडेतीन टक्क्यांवरून अर्ध्या टक्क्यावर आली तीही २०२० च्या जानेवारीत. ज्याला माशाचा जीव मोलाचा वाटतो त्याने मासे राहतात त्या पाण्याचाही विचार करावा, ही अपेक्षा रास्तच आहे. पण हा प्रश्न फक्त वीगन प्रवाशालाच का विचारला जातो? शेजारच्या टेबलावर कोळंबी खाणारा त्याच बोटीत बसलेला असतो, त्याला कोणी काही विचारत नाही. एका बाबतीत विवेक दाखवणाऱ्याने सर्वच बाबतींत संत असावे आणि काहीच न दाखवणाऱ्याला मात्र सर्व माफ असावे, असा हा न्याय आहे.

त्यापेक्षा आम्हांला वाढप्याचा प्रश्न जवळचा वाटतो, आणि वीगन लिखाणात तो फारसा येत नाही. पी अँड ओच्या बोटींवर गोव्याचे आचारी आणि वाढपी पिढ्यान्‌पिढ्या कामाला होते. गोव्यात त्यांना 'तारवटी' म्हणतात, आणि बोट मिळेपर्यंत त्यांना आसरा देणारे गावोगावचे 'कूड' मुंबईत धोबीतलाव-माझगाव भागात होते. 'क्लाईड' त्याच कंपनीची. काटा-चमचा न येणाऱ्या त्या मुलाने धीर करून विचारले असते, तर उत्तर देणारा कदाचित कोकणी बोलणारा निघाला असता. आजही क्रूझवर वाढणाऱ्यांत गोव्याची, फिलिपाइन्सची, इंडोनेशियाची माणसे असतात. घरापासून कित्येक महिने दूर, दिवसाचे लांबलचक तास उभी. प्रवाशाने शेवटी भरून दिलेल्या अभिप्रायावर त्यांचे पुढचे काम अवलंबून राहू शकते. आमच्या सहकारी बाईंचे जेवण तिसऱ्या दिवशी सुधारले ते साष्टीच्या एका वाढप्यामुळे. त्याने अर्ज बाजूला ठेवून "तुम्हांला नेमके काय चालत नाही ते सांगा" असे विचारले, आणि आचाऱ्याकडून नारळाच्या दुधातली भाजी करवून घेतली. बाईंनी अभिप्रायाच्या कागदावर त्याचे नाव लिहिले, बंद पाकिटात वेगळी बक्षिसी दिली, आणि अर्जातील रकान्यांविषयी एक पानभर तक्रार कंपनीला पाठवली, त्यात वाढप्यांना दोष नाही हे पहिल्याच वाक्यात नोंदवून.

कंपनीचे उत्तर आले. त्यात त्यांना 'आमच्या सन्माननीय जैन प्रवासी' असे संबोधले होते.