धाकटीला पहाटे उठवण्याआधी

मैत्रिणींनो, परवा आमच्या वसमतला हळदीकुंकवाच्या वेळी एक वहिनी सांगत होत्या, "थोरला पहाटे साडेचारला उठून अभ्यास करतो, पहिला येतो. म्हणून धाकटीलाही उठवते, तर ती नुसती पेंगते नि रडते. ढच आहे मेली!" पोर शेजारीच बसली होती. तिचा चेहरा पाहिला आणि आजचा विषय ठरला.

अहो, थोरला पहिला येतो तो पहाटेमुळेच, हे कशावरून? दोघांचं वय वेगळं, इयत्ता वेगळी, झोप वेगळी. दोन दुकानांची हळद पारखायची तर आपण एक वरणात आणि दुसरी भाजीत घालून बघतो का? वरण तेच, मीठ तेवढंच. बदलायची ती फक्त हळद. मानसशास्त्रातल्या प्रयोगांचंही तसंच असतं. त्यांचे मुख्य प्रकार तीन.

पहिला, दोन गटांचा. चिठ्ठ्या टाकून मुलांचे दोन गट करायचे. एकाला नवी पद्धत, दुसऱ्याला जुनी. निवड आपण केली, तर हुशार मुलं नकळत आपल्या आवडत्या गटात जातात.

दुसरा, जोड्यांचा. सारख्या वयाची, सारख्या मार्कांची दोन-दोन मुलं जोडायची आणि कुणाला काय, ते चिठ्ठीनं ठरवायचं.

तिसरा, मूल तेच आणि पद्धती दोन्ही. यात क्रम आलटून-पालटून ठेवावा लागतो, कारण नुसत्या सरावानंही मूल सुधारतं, बरं का!

मुंबई आणि बडोद्याच्या शाळांत २००१ ते २००३ या काळात 'प्रथम' संस्थेच्या बालसखी योजनेची अशीच पारख झाली. मागे पडलेल्या मुलांना वस्तीतलीच एखादी शिकलेली मुलगी रोज दोन तास वेगळं शिकवी. बडोद्यात निम्म्या शाळांत तिसरीला बालसखी दिली, निम्म्यांत चौथीला; दुसऱ्या वर्षी अदलाबदल. फायदा दिसला, आणि तो मागे पडलेल्या मुलांनाच जास्त! मदत थांबल्यावर वर्षभरात तो बराच ओसरला, हेही खरं. ही पारख करणाऱ्यांपैकी अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डुफ्लो यांना २०१९ मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं.

घरी एकाच मुलावर तिसरा प्रकार जमतो. इंग्रजीचे एकशेवीस नवे शब्द चिठ्ठ्यांवर लिहा, मिसळा आणि रोज दहा काढा. बारा दिवसांपैकी सहा दिवस पहाटे, सहा दिवस संध्याकाळी; कोणता दिवस कसा, तेही चिठ्ठीनंच ठरवा. पहाटे उठायचं असेल तर रात्री लवकर निजवा, म्हणजे झोप सारखीच राहील. बरोबर चोवीस तासांनी शब्द विचारा आणि मार्क वहीत लिहून ठेवा. मधे रागवायचं नाही, शाबासकीही दोन्हीकडे सारखीच.

तेराव्या दिवशी, शेवटचे शब्द विचारून झाल्यावर, वही उघडा. जे कळेल ते तिच्यापुरतंच. शेजारच्या पोराला लावायचं नाही. आणि दोन्ही वेळेचे मार्क सारखेच आले, तर पोरीला खुशाल झोपू द्या. निदान तोवर तरी कुणी तिला ढ म्हणू नये.