कोनच्या खाडीतले आरमार

24 ऑक्टोबर 1657 रोजी कल्याण-भिवंडी स्वराज्यात आली. दुर्गाडीच्या पुलावर कंटेनरच्या रांगेत गाडी अडकली की आपण वैतागून घड्याळ पाहतो. त्याऐवजी खाली पाहावे. ओहोटीला चिखल उघडा पडतो, तिवरांच्या मुळांत प्लॅस्टिक गुंतलेले दिसते. पलीकडे दुर्गाडी, अलीकडे आपले कोन गाव. याच उल्हास खाडीवर मराठ्यांच्या आरमाराची सुरुवात झाली.

तोवर शिवरायांचे बळ मावळच्या खोऱ्यांत आणि गडांवर होते. पायदळ होते, घोडदळ होते. पाण्यावर मात्र सिद्दी आणि पोर्तुगीज यांची सत्ता. म्हणून जहाजे बांधायला रुय लैतांव व्हिएगस हा पोर्तुगीज कारागीर नेमला. वसईकर पोर्तुगीजांनी दटावताच तो आपली माणसे घेऊन निघून गेला. तरी काम थांबले नाही. इथल्या सुतारांना लाकूड कळत होते. कोळी, भंडारी, आगरी यांना भरती-ओहोटी पाठ होती. 1665 साली महाराज बसरूरच्या स्वारीला निघाले तेव्हा लहानमोठी 85 गलबते आणि तीन मोठी जहाजे सोबत होती. 1679 साली याच आरमाराच्या मायनाक भंडारीने खांदेरी बेट इंग्रजांच्या हाती लागू दिले नाही.

मला त्याहून मोठी वाटते ती व्यवस्था. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात ती लिहून ठेवली आहे: पाच गुराबा (मोठी लढाऊ जहाजे) आणि पंधरा गलबतांचा एक सुभा, सर्वांवर सरसुभा. आरमाराचा खर्च बंदरांच्या उत्पन्नावर टाकायचा नाही, नाहीतर सावकार बुडेल. जहाजासाठी रयतेचा आंबा-फणस तोडायचा नाही. झाड फारच जीर्ण असेल तर धन्याला राजी करून, पैसे देऊनच तोडायचे.

समुद्र हातचा गेला की आरमारही जाते; आफ्रिकेतल्या इथिओपियाचे उदाहरण ताजे आहे. 1993 साली इरिट्रिया वेगळा झाला, किनारा गेला आणि काही वर्षांत आरमारही मोडले. आता किनारा नसतानाही तो देश ते पुन्हा उभारू पाहतो आहे. समुद्राची वाट गमावणे काय असते, ते त्यांना विचारावे.

आपली वाट अजून आहे, पण गाळाने आणि सांडपाण्याने ती बुजते आहे. कोनकरांनो, आज पोरांना घेऊन खाडीवर जा. गुराब इथे बांधली जात होती हे त्यांना सांगा, आणि हातातली पिशवी पाण्यात टाकू नका.