माहेरी पाठवायच्या आधी दात दाखवा



आपल्या उधन्यात खानदेशी घरं भरपूर. पहिलटकरणीला सातव्या महिन्यात डोहाळजेवण करून ताप्ती लाईनच्या गाडीने नंदुरबार, अमळनेर, जळगावकडे माहेरी पाठवायची आपली रीत. जायच्या आधी सोनोग्राफी होते, रक्त तपासतात, लोहाच्या गोळ्या घेतो. दात दाखवायचं मात्र कोणाला सुचत नाही. माझं स्पष्ट मत आहे, गाडीत बसवायच्या आधी सुनेचे दात दाखवलेच पाहिजेत.

गरोदरपणात शरीरातले हार्मोन वाढतात, त्यामुळे हिरड्या लवकर सुजतात. घासताना रक्त येतं. मग घाबरून बाई ब्रश करणंच सोडते, कीट साचते आणि त्रास वाढतो. घरातले म्हणतात, बाळ आईच्या दातातलं कॅल्शियम ओढून घेतं, दात जाणारच. हे खरं नाही. दात किडतात ते अस्वच्छतेने, सारख्या गोड खाण्याने आणि उलटीतल्या आम्लाने. हिरड्यांचा जुना आजार असणाऱ्या बायकांमध्ये अपुऱ्या दिवसांची बाळंतपणं जास्त दिसतात, असंही अनेक अभ्यासांत आढळलंय.

दुसरी गोष्ट मिश्रीची. आपल्या बायका मिश्री लावतात, इथे गुजरातेत बजर. दात साफ होतात म्हणतात, पण ती शेवटी तंबाखूच. मुंबईत १२१७ गरोदर बायकांचा अभ्यास झाला, तो २००४ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये छापून आला. मिश्री-तंबाखू वापरणाऱ्या बायकांची बाळं सरासरी १०५ ग्रॅम कमी वजनाची निघाली. सासूबाई स्वतः डबी उघडून बसल्या, तर सुनेला कुठल्या तोंडाने नको म्हणणार?

दातांच्या उपचाराला चौथा ते सहावा महिना सगळ्यात सोयीचा. म्हणजे माहेरी जायच्या आधीचाच. दात साफ करणं, सिमेंट भरणं, जागा बधिर करून दात काढणं, हे सगळं गरोदरपणात करता येतं. फक्त डॉक्टरला आधीच सांगायचं की दिवस गेलेत, आणि ममता कार्ड सोबत न्यायचं. खूप दुखत असेल, सूज असेल तर कुठलाही महिना असो, थांबायचं नाही. मेडिकलवरून मनाने दुखण्याची गोळी आणायची नाही. काही गोळ्या पोटातल्या बाळाला बाधतात.

घरी करायचं एवढंच. दोन वेळा मऊ ब्रश आणि फ्लोराईडची पेस्ट. उलटी झाली की लगेच घासू नका, ग्लासभर पाण्यात चमचाभर खायचा सोडा टाकून चूळ भरा, अर्ध्या तासाने घासा.

खर्चाची अडचण असेल तर मजुरा गेटच्या नव्या सिव्हिलमध्ये किंवा स्मीमेरमध्ये दातांचा विभाग आहे. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर बायकांची मोफत तपासणी असते. तिथेच सांगा, दात पण बघायचेत, कुठे जाऊ?

बायका स्वतःचं दुखणं सांगत नाहीत. लवंग दाबून कामाला लागतात. म्हणून हे नवऱ्याने आणि सासूने मनावर घ्यायचं काम आहे. जाळं फाटलं तर आपण दुसऱ्या दिवसावर टाकत नाही, तिथेच बसून शिवतो. घरच्या बाईच्या दुखण्यालाही तेवढी घाई दाखवा.

आपला,
सेक्रेटरी