रटल्सच्या गाण्यांचे निम्मे पैसे

विडंबन म्हणजे फुकटेगिरी, असं मानणारी एक मोठी जमात आहे. "दुसऱ्याच्या जिवावर हशा मिळवायचा, त्यात कसली आलीय कला?" हा त्यांचा ठरलेला सवाल. या जमातीत वकील आहेत, म्युझिक कंपन्या आहेत आणि दुर्दैवाने आपले काही सुशिक्षित मित्रपण आहेत. आजचा लेख या सगळ्यांच्या विरोधात आहे. पुरावा म्हणून एक सिनेमा आणि त्यामागचं एक भांडण पुरेसं आहे.

सिनेमाचं नाव 'ऑल यू नीड इज कॅश'. मार्च १९७८ मध्ये अमेरिकेत एनबीसीवर आणि इंग्लंडमध्ये बीबीसीवर दाखवला गेला. मॉंटी पायथनवाल्या एरिक आयडलने बनवलेली ही एक खोटी डॉक्युमेंटरी. 'द रटल्स' नावाचा एक बॅंड होता, त्याने साठच्या दशकात जग गाजवलं आणि मग तो फुटला, असं अत्यंत गंभीर चेहऱ्याने सांगणारी. रटल्स म्हणजे अर्थातच बीटल्स. 'धिस इज स्पायनल टॅप' १९८४ चा, म्हणजे त्याच्याही सहा वर्षं आधीचं हे प्रकरण. एनबीसीवर ते दणकून आपटलं, त्या आठवड्याच्या प्राइम टाइम यादीत तळाला गेलं. ते असो.

ज्यांना बीटल्सचा इतिहास थोडाफार माहीत आहे, त्यांना हा सिनेमा बघताना हसून पुरेवाट होते. लेननने बीटल्स येशूपेक्षा लोकप्रिय असल्याचं म्हटलं आणि १९६६ मध्ये अमेरिकेत रेकॉर्डी जाळल्या गेल्या, हे खरं. सिनेमात रॉन नॅस्टी खुलासा करतो, की मी 'गॉड' म्हणालोच नव्हतो, 'रॉड' म्हणालो होतो, म्हणजे रॉड स्ट्युअर्ट. आणि जाळण्यासाठी म्हणून लोक रेकॉर्डी विकत घ्यायला लागतात, त्यामुळे खप वाढतो. बीटल्सना अमली पदार्थांनी भुरळ घातली, रटल्सना चहाने. १९६७ मध्ये बीटल्स महर्षी महेश योगींच्या मागे वेल्समधल्या बॅंगोरला गेले आणि १९६८ मध्ये आपल्या ऋषिकेशला. रटल्स जातात बॉग्नरला, आणि त्यांचे गुरू कोण, तर सरे परगण्यातले आर्थर सुलतान. मॅनेजरला यांच्या संगीतात काडीचा रस नाही, त्याला त्यांच्या पॅंटी आवडलेल्या असतात. आणि शेवटी बॅंड फुटतो तेव्हा प्रत्येक जण उरलेल्या तिघांवर खटला भरतो. त्या गडबडीत बिचारा स्टिग चुकून स्वतःवरच खटला भरतो.

हे सगळं बघून बीटल्सना राग आला असेल असं वाटतं ना? जॉर्ज हॅरिसन स्वतः या सिनेमात आहे! मिश्या आणि पांढरे केस लावून तो टीव्ही वार्ताहर झालाय. रटल्सच्या कंपनीबाहेर उभा राहून तो मायकेल पेलिनची मुलाखत घेतो. कंपनीत चोऱ्या होतात ही निव्वळ अफवा आहे, असं पेलिन सांगत असतो आणि मागून लोक सामान उचलून नेत असतात. बीटल्सच्या 'ॲपल' कंपनीच्या भोंगळ कारभारावरचा हा विनोद, आणि त्यात त्या कंपनीचा एक मालकच हसत हसत सामील. मिक जॅगर आणि पॉल सायमनही येऊन रटल्सच्या 'आठवणी' सांगून जातात.

आता मुद्द्याचं. या सिनेमाचा खरा हिरो आयडल नाही, तर नील इनेस. रॉन नॅस्टीचं काम त्याने केलंच, पण सगळी गाणी लिहिली आणि बांधली तीही त्यानेच. हा कोणी उपरा नव्हता. त्याचा 'बॉंझो डॉग' बॅंड बीटल्सच्या 'मॅजिकल मिस्टरी टूर'मध्ये १९६७ ला झळकला होता आणि पुढच्या वर्षी त्याच्या गाण्याचं निर्मितीचं काम मॅकार्टनीने टोपणनावाने केलं होतं. इनेस सांगायचा, की रटल्ससाठी मी बीटल्सच्या रेकॉर्डी पुन्हा ऐकल्याच नाहीत, आठवणीतून गाणी केली.

हे किती अवघड आहे बघा. कुठल्याही चालीवर वेडेवाकडे शब्द बसवणं कोणीही करतो, आपल्या ऑफिसच्या ॲन्युअल डेला दरवर्षी होतं. इनेसने शब्दही नवे घेतले आणि चालीही नव्या. तरी ऐकणारा पहिल्या दहा सेकंदांत सांगतो, हे १९६३ चं, हे १९६७ चं. 'हेल्प!'च्या काळाची आठवण देणारं 'आउच!', 'आय ॲम द वॉलरस'च्या वळणाचं 'पिगी इन द मिडल'. 'चीज अँड अनियन्स' तर इतकं जमलं, की चोरट्या रेकॉर्डवर ते चक्क लेननचं गाणं म्हणून फिरलं. विडंबन करणाऱ्याला याहून मोठं सर्टिफिकेट काय हवं?

तर या माणसाला बक्षीस काय मिळालं? एटीव्ही म्युझिक या कंपनीची नोटीस. बीटल्सच्या गाण्यांचे प्रकाशन हक्क या कंपनीकडे होते. आणि हे हक्क बीटल्सनी प्रेमाने दिलेले नव्हते बरं का. १९६९ मध्ये 'नॉर्दर्न सॉंग्ज'चे शेअर विकले गेले आणि लेनन-मॅकार्टनी हात चोळत बसले. इनेसने बचावासाठी संगीताचा एक जाणकार नेमला होता. पण मोठ्या कंपनीशी कोर्टात लढायचं म्हणजे खिसा खोल लागतो. शेवटी कोर्टाबाहेर तडजोड झाली. रेकॉर्डवरच्या १४ गाण्यांची निम्मी रॉयल्टी एटीव्हीला गेली, आणि न लिहिलेल्या गाण्यांच्या श्रेयात लेनन आणि मॅकार्टनी यांची नावं लागली. ज्याची टिंगल झाली तो हॅरिसन सिनेमात काम करतो, आणि ज्यांनी एक सूरही कधी लावला नाही ते निम्मे पैसे घेऊन जातात! १९८५ मध्ये एटीव्ही म्युझिक मायकेल जॅक्सनने ४.७५ कोटी डॉलरना विकत घेतली. सिनेमाचं नाव किती सार्थ होतं, हे सिनेमानंतर कळलं.

"पण आवाज सारखा येतो ना? मग पैसे द्यायला नकोत का?" हा आक्षेप मला मान्य नाही, पण दुर्लक्ष करण्यासारखाही नाही. चाल उचलली तर पैसे द्यायलाच हवेत. इनेसलाही ती रेषा ठाऊक होती. 'गेट अप अँड गो' हे गाणं 'गेट बॅक'च्या फारच जवळ जातंय म्हणून १९७८ च्या रेकॉर्डमधून वगळलं होतं. पुढे ओएसिसच्या 'व्हॉटेव्हर' (१९९४) मध्ये इनेसच्या 'हाउ स्वीट टु बी ॲन इडियट' या १९७३ च्या गाण्याची चाल आली, तेव्हा त्यालाही श्रेय मिळालं. ते बरोबरच झालं. यात विसंगती नाही. चाल ही एका माणसाची असते. शैली, हार्मनीची पद्धत, गिटारचा बाज, एका काळाचा वास, यावर कोणाचा सातबारा नसतो. खुद्द बीटल्स तरी चक बेरी आणि बडी हॉलीकडूनच शिकले होते की!

आपल्या धंद्यातल्या लोकांना हे पटकन कळायला हवं. १९८४ मध्ये फिनिक्सने आयबीएमच्या बायोससारखा बायोस बनवला तो कसा? एका टीमने मूळ गोष्ट कशी वागते ते लिहून काढलं आणि मूळ कोड न बघितलेल्या दुसऱ्या टीमने नवा कोड लिहिला. वागणूक तीच, कोड वेगळा. त्यातून स्वस्त पीसींची बाजारपेठ उभी राहिली आणि आपल्यापैकी अनेकांच्या नोकऱ्यासुद्धा. २०१० मध्ये सुरू झालेल्या ओरॅकल-गूगल खटल्यात जावाच्या सुमारे ११,५०० ओळींवरून भांडण झालं. २०२१ मध्ये अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने तो वापर 'फेअर यूज' ठरवला. तेव्हा आपण सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मग गाण्याची वेळ आली की आपलाच सूर "सारखं वाटतं, म्हणजे चोरी" असा का लागतो?

कायदाही हळूहळू शहाणा होतोय. टू लाइव्ह क्रूने रॉय ऑर्बिसनच्या 'प्रिटी वुमन'चं विडंबन केलं, त्या खटल्यात १९९४ मध्ये अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने सांगितलं, की पैसे मिळवण्यासाठी केलेलं विडंबनही 'फेअर यूज' असू शकतं. इंग्लंडने २०१४ मध्ये विडंबनाला कायद्यात स्वतंत्र सवलत दिली. इनेसला उपयोग होण्यासारखी ती नव्हती, छत्तीस वर्षं उशीर झाला होता. २०१९ च्या डिसेंबरात तो गेला.

आणि आपल्याकडे? १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये 'टीका किंवा समीक्षा' यांना सवलत आहे, 'विडंबन' हा शब्द नाही. केरळ हायकोर्टाने १९९६ मध्ये एका गाजलेल्या मल्याळम नाटकाला उत्तर म्हणून लिहिलेल्या प्रतिनाटकाला या कलमाखाली संरक्षण दिलं, ही जमेची बाजू. पण प्रत्येक विनोदी लेखकाने आपला विनोद ही 'टीका' आहे हे हायकोर्टापर्यंत जाऊन सिद्ध करायचं का? ज्या भाषेत अत्र्यांनी 'केशवकुमार' या नावाने 'झेंडूची फुले' लिहिली आणि लोकांनी ती डोक्यावर घेतली, त्या भाषेतल्या लोकांना तरी हे विचित्र वाटायला हवं.

माझी मागणी साधी आहे. कलम ५२ मध्ये 'विडंबन' हा एक शब्द घाला. चाल किंवा मजकूर जसाच्या तसा उचलणाऱ्याला खुशाल पकडा, पण ज्याने नवं लिहिलं, नवं बांधलं आणि फक्त नक्कल करून हसवलं, त्याच्या खिशात हात घालू नका. आणि हे पटत नसेल तर आधी रटल्सची १४ गाणी शांतपणे ऐका. त्यातल्या कुठल्या गाण्याची कुठली चाल बीटल्सच्या कुठल्या गाण्यातून जशीच्या तशी आली आहे ते मला दाखवून द्या, मग पुढे भांडू.